रोगाचे नाव आणि रोगाचे कारण : तीन बालरोगांचा पारिभाषिक विचार

रोगाचे नाव हे भाषेतील इतर नामांसारखेच एक नाम होय. परंतु त्याच्यावर इतर नामांहून अधिक भार असतो. ‘झाड’ हा शब्द कसा बनला हे ठाऊक नसल्याने झाडाचे काही बिघडत नाही. रोगाच्या नावाची गोष्ट तशी नाही. नावात लक्षण सांगितले असेल तर वैद्याची दृष्टी त्या लक्षणावर खिळते. नावात कारण सांगितले असेल तर उपचार त्या कारणामागे जातो. आणि नावात एखाद्या देशाचा वा समाजाचा उल्लेख असेल तर कारणाचा शोध त्या लोकांच्या रक्तात होऊ लागतो. मोठ्या माणसाला आपले दुखणे निदान आपल्या शब्दांत सांगता येते. दोन वर्षांच्या मुलाला तेही येत नाही. त्याच्या दुखण्याला आई एक शब्द देते, वैद्य दुसरा आणि पाठ्यपुस्तक तिसरा. म्हणून बालरोगांच्या परिभाषेत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो.

प्रस्तुत लेखात लहान मुलांच्या तीन विकारांची उदाहरणे घेतली आहेत : एक पोषणाचा, एक आतड्याचा व एक यकृताचा. तिन्हींची नावे तीन निरनिराळ्या तऱ्हांनी पडली, आणि तिन्हींत नावाने ज्ञानाला काही काळ साहाय्य केले व काही काळ अडथळाही केला. वैद्यकशास्त्रातील वादांचा निर्णय करणे हा येथील हेतू नाही. शब्द आणि शोध यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे एवढाच आहे.

१. नावे ठेवण्याच्या तऱ्हा

रोगनामांचा मोठा भाग दिसणाऱ्या लक्षणांवरून सिद्ध झालेला असतो. यकृत कठीण होऊन त्यात तंतूंचे जाळे माजते त्या विकाराला लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ मध्ये ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. त्याच्या मुळाशी पिवळसर तपकिरी रंगाचा वाचक असा ग्रीक शब्द आहे. शवविच्छेदनात यकृताचा जो रंग दिसला तोच नावात उतरला. मुलाचे अंग झडून जाते त्या अवस्थेचे ‘मॅरॅस्मस’ हे नावही ग्रीकच असून त्याचा अर्थ झिजणे, सुकणे असा आहे. ‘पेलाग्रा’ हा इटालियन शब्द खरखरीत कातडीचा वाचक आहे. मराठीतही हीच प्रवृत्ती दिसते. पाठ्यपुस्तकांतून व आरोग्यशिक्षणाच्या लिखाणातून मॅरॅस्मसला ‘सुकटी’ व क्वाशिओर्करला ‘सुजवटी’ म्हणतात. एकात मूल सुकते, दुसऱ्यात सुजते. नाव ऐकताच रूप डोळ्यांपुढे उभे राहते.

दुसरी तऱ्हा स्थानावरून नाव देण्याची. आयुर्वेदातील ‘ग्रहणी’ हे तिचे उत्तम उदाहरण होय. ग्रहणी हे मुळात अन्नाला धरून ठेवणाऱ्या, अग्नीचे अधिष्ठान मानलेल्या अवयवाचे नाव. तो अवयव बिघडला की रोगालाही ग्रहणीच म्हणतात. तिसरी तऱ्हा प्रसंगावरून नाव देण्याची, म्हणजे रोग कोणत्या परिस्थितीत उद्भवतो ते सांगण्याची. आणि चौथी देशावरून वा लोकांवरून नाव देण्याची. पुढील तीन उदाहरणांपैकी पहिले प्रसंगवाचक, दुसरे स्थानवाचक व तिसरे देशवाचक आहे.

२. पदच्युत बालकाचा रोग

सिसिली विल्यम्स या जमेकात जन्मलेल्या ब्रिटिश डॉक्टर तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, सरकारी सेवेत होत्या. एक ते चार वर्षांच्या मुलांत त्यांना एक विकार वारंवार आढळला. हातपाय सुजत, केस विरळ व तांबूस होत, कातडी काळपट पडून तिचे पापुद्रे निघत, यकृत चरबीने भरलेले असे, आणि मूल सतत किरकिरत असे. १९३३ मध्ये त्यांनी या विकाराचे वर्णन मक्याच्या आहाराशी निगडित असा पोषणविकार म्हणून प्रसिद्ध केले. त्यावर हा पेलाग्राच आहे, नवीन काही नाही, असा आक्षेप अनुभवी तज्ज्ञांकडून आला. कातडीचे नाव ज्याच्या मनात पक्के असते त्याला प्रथम कातडीच दिसते, याचे हे उदाहरण होय.

१९३५ मध्ये विल्यम्स यांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात या विकाराला तेथील गा भाषेतील नाव दिले : क्वाशिओर्कर. पाठचे भावंड झाले म्हणजे पदच्युत झालेल्या मुलाला होणारा रोग, असा त्याचा अर्थ त्यांनी नोंदविला. हे नाव स्वीकारण्यात मोठा विवेक होता. युरोपात याच विकाराला पूर्वी दिलेल्या एका जर्मन नावाचा अर्थ ‘पिठाच्या आहाराने झालेली हानी’ असा होता; म्हणजे त्यात अन्नाचा दोष होता, पण मुलाची परिस्थिती नव्हती. गा भाषेतील शब्दाने कुटुंबातील एक घटनाक्रम सांगितला : आईला पुन्हा दिवस जातात, अंगावरचे दूध तुटते, मूल पिठाच्या पातळ पेजेवर येते, आणि काही महिन्यांत सुजते. रोगाची वेळ व त्याचा बळी हे दोन्ही त्या एका शब्दात आले.

संस्कृत वैद्यकाच्या अभ्यासकाला या ठिकाणी एक विलक्षण साम्य आढळते. माधवनिदानातील बालरोगांच्या प्रकरणात गर्भवती मातेचे दूध पिणाऱ्या बालकाच्या रोगाला ‘पारिगर्भिक’ म्हटले असून त्याचेच दुसरे नाव ‘परिभव’ असे दिले आहे. खोकला, अग्निमांद्य, वांती, झापड, कृशता, अरुची व पोट वाढणे ही त्याची लक्षणे होत. परिभव म्हणजे पराजय, मानहानी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मातांनी आणि भारतीय ग्रंथकारांनी एकमेकांशी काहीही संबंध नसताना हरलेल्या, जागेवरून उठविलेल्या मुलाची एकच कल्पना रोगनामात घातली. काश्यपसंहितेतही ‘फक्क’ या रोगाचा एक प्रकार गर्भज म्हणून सांगितला आहे.

परंतु साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. प्राचीन वैद्यकाने दोष गर्भवतीच्या दुधावर ठेवला. गा नावाने दोष कोणावरच ठेवला नाही, फक्त क्रम सांगितला. आज जे ठाऊक आहे त्यावरून गर्भवतीचे दूध विषारी नसते. ते तुटणे व त्याच्या जागी योग्य अन्न न येणे, त्यातच वारंवार हगवण व गोवरासारखे आजार होणे, यांनी मूल खचते. अर्थात् कारण सांगणारे नाव त्याच्या पुढे गेले व चुकले. प्रसंग सांगणारे नाव तेवढ्यावरच थांबले व टिकले.

पुढील इतिहास हेच शिकवितो. दुसऱ्या महायुद्धानंतर क्वाशिओर्कर म्हणजे प्रथिनांची उणीव, हे समीकरण रूढ झाले व ‘प्रथिन-कुपोषण’ हा शब्द आंतरराष्ट्रीय परिभाषेत आला. प्रथिनयुक्त पूरक आहारांच्या योजना त्या शब्दाच्या आधारावर उभ्या राहिल्या. १९६८ मध्ये हैदराबादच्या डॉ. गोपालन् यांनी दाखविले की सुजणाऱ्या व सुकणाऱ्या मुलांच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणाचा असा ठळक फरक आढळत नाही. १९७४ मध्ये मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रथिनवादावर कठोर टीका केली. २०१३ मध्ये मलावीतील जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आतड्यातील सूक्ष्मजंतूंचाही या विकारात हात असल्याचे पुढे आले. एकाच घरात, एकाच ताटातले खाऊन जुळ्यांपैकी एक सुजते व दुसरे सुजत नाही, ही वस्तुस्थिती केवळ प्रथिनांनी उलगडत नाही.

नावातील या चुकीची किंमत केवळ तात्त्विक नव्हती. ‘प्रथिनांची उणीव’ असे म्हटले की पहिल्या दिवसापासून भरपूर प्रथिने द्यावीत असे सहजच वाटते. परंतु अशा मुलाचे यकृत, मूत्रपिंड व हृदय दुबळे झालेले असते, आणि एकदम दिलेला भार त्याला पेलत नाही. म्हणून आजच्या उपचारात आरंभी दर १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी व सुमारे एक ग्रॅमच प्रथिन असलेले दूध थोडेथोडे देतात. सूज उतरू लागून भूक परतली म्हणजेच १०० कॅलरींचे व सुमारे तिप्पट प्रथिनांचे दूध सुरू करतात. लोहही आरंभी देत नाहीत. नाव एक सांगत होते आणि मुलाचे शरीर दुसरेच मागत होते.

महाराष्ट्रातील अंगणवाड्यांतून आज ‘सॅम’ व ‘मॅम’ ही इंग्रजी आद्याक्षरांची नावे ऐकू येतात. तीव्र व मध्यम कुपोषण असा त्यांचा अर्थ असून ती मापावर आधारलेली आहेत. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी भरला की मूल तीव्र गटात जाते. परंतु दोन्ही पायांवर सूज असेल तर माप काहीही असो, ते मूल तीव्र गटातच धरावयाचे असते. सुजलेले मूल अनुभव नसलेल्या डोळ्याला गुटगुटीत वाटू शकते. ‘कुपोषण’ हा एकच सर्वसंग्राहक शब्द वापरला म्हणजे हाडकुळे मूलच नजरेपुढे येते. ‘सुजवटी’ हा जुना वाटणारा शब्द या ठिकाणी अधिक सावध आहे.

३. पोटाचे नाव, गव्हाचा रोग

दुसरे उदाहरण सीलिअक रोगाचे. हा शब्द पोटवाचक ग्रीक शब्दापासून आला असून प्राचीन ग्रीक वैद्य अरेटिअस याने दीर्घकालीन अतिसाराच्या रोग्यांसाठी तो वापरला होता. १८८८ मध्ये सॅम्युएल गी यांनी लंडनमध्ये त्याच नावाने मुलांतील विकाराचे नेमके वर्णन केले : फिकट, फेसाळ, दुर्गंधी व विपुल मळ, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ. हा विकार बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल असे गी यांचे मत होते, आणि हॉलंडमधील शिंपल्यांतील मांसावर ठेवलेले एक मूल सुधारल्याचेही त्यांनी नमूद केले आहे. परंतु नेमका कोणता पदार्थ वर्ज्य करावा हे कळण्यास आणखी साठ वर्षे लागली.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके हे युद्धापूर्वीपासूनच गहू वर्ज्य करून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला व पाव दुर्मिळ झाला. सारा देश उपाशी असताना सीलिअकची मुले मात्र सुधारली; पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. गहू, जव व राय यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन काही विशिष्ट आनुवंशिक घडणीच्या व्यक्तींत लहान आतड्याच्या आतील अस्तराविरुद्ध शरीराचीच प्रतिकारशक्ती भडकविते. अस्तरावरील केसांसारखे उंचवटे झिजतात व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. पोटाचे नाव चुकीचे नव्हते. परंतु दोष पोटाचा आहे असे त्याने सुचविले, आणि समोर रोज येणारा घास नजरेआड राहिला.

येथे मराठी भाषकाच्या दृष्टीने एक व्यावहारिक प्रश्न आहे. उपचार एका वाक्यात सांगता येतो : गहू आजन्म वर्ज्य. परंतु घरातील भाषेत गहू नेहमी ‘गहू’ या नावाने वावरत नाही. रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, टोस्ट, दलिया यांपैकी एकाही शब्दात गहू ऐकू येत नाही. बाजारातील खड्या-पुडीच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ‘सत्त्व’ हा शब्द तर दोन्हीकडे चालतो : नाचणीचे सत्त्व या मुलाला निर्धोक, गव्हाचे सत्त्व घातक. पोळी बंद केली आणि शिरा चालू ठेवला, तर आईने सांगितलेले मानले नाही असे म्हणता येणार नाही. सांगणाऱ्याने शब्दांचा विचार केला नाही असेच म्हणावे लागेल. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत हे प्रथिन नसल्याने महाराष्ट्रातील जुना आहार अशा मुलाला पुष्कळच अनुकूल आहे. म्हणून वर्ज्य पदार्थांची यादी धान्याच्या नावाने न देता ताटातील पदार्थांच्या नावाने द्यावी, हा परिभाषेचाच धडा होय.

४. ‘भारतीय’ यकृतरोग

तिसरे उदाहरण भारताच्या व विशेषतः पुण्याच्या इतिहासाशी निगडित आहे. १८८७ मध्ये कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या एका यकृतरोगाचे वर्णन केले. सहा महिने ते तीन-चार वर्षे या वयाचे मूल हळूहळू चिडचिडे होते, पोट वाढते, बारीक ताप राहतो. हाताला यकृत कठीण व धारदार कडेचे लागते. पुढे कावीळ व जलोदर होऊन बहुतेक मुले काही महिन्यांत दगावतात. एकाच घरातील एकामागून एक भावंडे या रोगाने गेल्याची उदाहरणे होती. या रोगाला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’, म्हणजे भारतीय बालकांचे यकृत्-सूत्रण, असे नाव पडले.

या नावाने वैशिष्ट्य सांगितले, पण ते चुकीच्या जागी ठेवले. रोग भारतात आढळतो, भावंडांत आढळतो, काही समाजांत अधिक आढळतो, तेव्हा तो वंशात असला पाहिजे, असा तर्क नावातूनच वाहत येई. भारतीयत्व जर रक्तात असेल तर रोग अटळ ठरतो. ते घरातील एखाद्या वस्तूतही असू शकते, ही शक्यता ‘भारतीय’ या विशेषणात सामावत असूनही ती बराच काळ कोणाला सुचली नाही.

१९७०-८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाने वेगळी दिशा दाखविली. या मुलांच्या यकृतपेशींत तांब्याशी निगडित कण आढळले. मोजणी करता, निरोगी बालकाच्या यकृताच्या वाळलेल्या ऊतीत दर ग्रॅमला सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असणारे तांबे येथे ८०० मायक्रोग्रॅमच्याही वर गेलेले दिसले. विल्सनच्या रोगातही यकृतात तांबे साचते. पण तो सहसा इतक्या लहान वयात प्रकट होत नाही, आणि रक्तातील जे ताम्रवाहक प्रथिन त्या रोगात बहुधा उणावते ते येथे उणावलेले नव्हते. म्हणजे तांबे बाहेरून येत होते. स्टुअर्ट टॅनर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये असे मत मांडले की तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले व साठविलेले जनावराचे दूध फार लवकर सुरू करणे हे या रोगाचे संभाव्य कारण होय. पुण्याच्या डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी टॅनर यांच्यासह १९८७ मध्ये रोगी मुले व त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. रोगी मुलांना वरचे दूध लवकर मिळाले होते, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांतले असण्याचे प्रमाण त्यांच्यात पुष्कळ अधिक होते.

यामागील रसायनही पुढे स्पष्ट झाले. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे पितळेच्या भांड्यातील दूध भांड्यातून तांबे ओढून घेते. लहान बालकाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा अधिक असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अपुरी असते. दिवसातून अनेक वेळा असे दूध पोटात गेले की साठा वाढतच जातो.

या ठिकाणी मराठीतील एका क्रियापदाचा विचार अवश्य केला पाहिजे : ‘कळकणे’. ताक, दही, चिंचेची आमटी पितळेच्या भांड्यात राहिली की कळकते, हे प्रत्येक जुन्या स्वयंपाकघरात ठाऊक होते. म्हणूनच भांड्यांना कल्हई करीत. कथलाचा तो पातळ थर अन्न आणि पितळ यांच्यामध्ये उभा राही. म्हणजे धातूच्या विषाची जाणीव भाषेत होती, तिच्यासाठी स्वतंत्र शब्द होता आणि उपायही होता. परंतु ‘कळकणे’ या शब्दाचा आधार चव व रंग हा आहे. आंबट पदार्थ हिरवट होतो, त्याची चव बिघडते, म्हणून तो कळकला असे म्हणतात. दूध आंबट नाही. तांबे त्यात शिरले तरी जिभेला व डोळ्याला सहसा कळत नाही. म्हणून ताकासाठी सावध असलेले घर दुधासाठी निर्धास्त राहिले, आणि कल्हई उडालेली चरवी दुधाला चालत राहिली. अनुभवातून आलेला शब्द जेवढा अनुभव तेवढेच संरक्षण देतो. त्याच्या पलीकडची जागा उघडीच राहते.

प्रश्न विचारण्याच्या भाषेलाही येथे महत्त्व आहे. मराठीत ‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’ असा स्पष्ट भेद आहे. मूल काय पिते, असे विचारल्यास ‘अंगावर पिते’ हे उत्तर खरे असूनही अपुरे असू शकते. कारण अंगावर पिणाऱ्या मुलालाही वाटीभर वरचे दूध मिळत असते. वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापविता, रात्री कशात ठेवता, भांड्याला कल्हई केव्हा केली, हे चार प्रश्न घरच्या शब्दांत विचारल्याशिवाय कारण हाती लागत नाही.

१९८७ मध्येच असे दिसून आले की तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत दिल्यास काही मुले वाचतात. पण खरा उपाय औषधाच्या आधीचा होता. पुणे जिल्ह्यात मुलांचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेवू नये, असा प्रचार झाला. त्याच काळात स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम घरोघर पोहोचले. आणि पूर्वी बालरोग विभागांत नित्य दिसणारा हा रोग विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्मिळ झाला. तांब्याचा संबंध न आलेली काही मुलेही नोंदली गेली आहेत, आणि एकाच घरातील सर्वच मुलांना रोग होत नसे. त्यावरून आनुवंशिक ग्रहणशीलतेचाही काही वाटा मानावा लागतो. पण वंश बदलला नाही, भांडी बदलली आणि रोग ओसरला, ही गोष्ट नावातील विशेषणाचा पुरेसा निकाल लावते.

शेवटचा निकाल मात्र युरोपातून आला. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृतरोगाने दगावल्याची नोंद म्युलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तेथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत गाईचे दूध तापवीत असत, आणि भांडी बदलल्यावर तेथील रोगही नाहीसा झाला. जर्मनीतही तांब्याच्या नळांतून येणाऱ्या आम्लधर्मी विहिरीच्या पाण्यामुळे असे रोगी आढळले. आरंभी या रोग्यांना ‘अभारतीय बालकांचे भारतीय यकृत्-सूत्रण’ अशा अर्थाचे विसंगत नाव द्यावे लागले. नाव स्वतःचाच निषेध करू लागले की ते टाकण्याची वेळ आली असे समजावे. आता ‘ताम्रसंबद्ध बालयकृत्-सूत्रण’ या अर्थाची संज्ञा अधिक योग्य मानली जाते.

५. निष्कर्ष

या तीन उदाहरणांवरून परिभाषा घडविणाऱ्यांना काही गोष्टी सांगता येतात. लक्षणावरून दिलेले नाव ओळखण्यास उपयोगी पडते. ते कारण सांगण्याचा दावा करीत नाही, म्हणून शास्त्र पुढे गेले तरी ते फारसे खोटे पडत नाही. ‘सुजवटी’ आणि ‘सुकटी’ हे शब्द या दृष्टीने राखण्याजोगे आहेत. प्रसंगावरून दिलेले नाव सर्वांत फलदायी ठरते. कारण ते रोग कोणत्या क्षणी अडवावा हे सांगते. कारणावरून दिलेले नाव आकर्षक असते, परंतु कारण सिद्ध होईपर्यंत ते तात्पुरतेच मानावे. देशाचे वा समाजाचे नाव तर शक्यतो देऊच नये. तेथे शोध संपल्याचा भास होतो, आणि वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयाचा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मराठी परिभाषेचे काम इंग्रजी संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द देऊन संपत नाही. ‘वरचे दूध’, ‘कळकणे’, ‘कल्हई’, ‘सत्त्व’ हे शब्द कोणत्याही वैद्यकीय कोशात रोगनामे म्हणून येणार नाहीत. पण रोगाचा उगम ज्या चुलीपाशी, ज्या भांड्यात व ज्या घासात होतो तेथे हेच शब्द वापरले जातात. ज्याला ते शब्द आणि त्यांच्या अर्थाच्या मर्यादा ठाऊक आहेत, त्यालाच आईला योग्य प्रश्न विचारता येईल; आणि या तिन्ही रोगांत मुलाचे प्राण पुष्कळदा त्या प्रश्नावरच अवलंबून होते.